आधी फेरफार वाच, मग सातबाऱ्याला हात लाव

पत्र निफाड तालुक्यातल्या एका मुलीचं आहे. नोकरी नाशिकला, गंगापूर रोडवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत. पत्र मोठं होतं, थोडक्यात देते.

“ताई, मी दीड वर्षापासून डेव्हलपर आहे. आमचं सॉफ्टवेअर कांदा-टोमॅटोच्या व्यापाऱ्यांसाठी आहे. लिलावानंतरची शेतकऱ्याची हिशोबपट्टी, खरेदीदाराचं बिल, उधारी, सगळं त्यातच. कोड 2014 पासूनचा. ज्या दोघांनी तो बराचसा लिहिला ते पुण्याला गेले. आता पट्टीच्या हिशोबात बदल करायचं काम माझ्याकडे आलंय. फाइल 2,200 ओळींची, कॉमेंट जवळजवळ नाहीत. काही ओळी तर वेड्यासारख्या आहेत. शेतकऱ्याच्या रकमेतून आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, वजा होते, पण दर शून्य. शून्य वजा कशाला करायचं? दुसरीकडे गोण्या 99 पेक्षा जास्त झाल्या की पट्टी दोन भागांत तुटते. का, ते ऑफिसात कोणालाच माहीत नाही. गिटमध्ये कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद राहते, आणि त्यातलं ब्लेम ओळीशेजारी नाव, तारीख दाखवतं. मी गिट ब्लेम चालवलं, तर जवळपास सगळ्या ओळींवर आमच्या सिनियर सरांचं नाव, एकच तारीख आणि मेसेज ‘फॉरमॅटिंग’. मी सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, ‘सर, हे सगळं तुमचंच आहे, मग तुम्हीच सांगा.’ सर दुखावले. तेव्हापासून कामापुरतंच बोलतात. मैत्रीण म्हणते, इतिहास वाचत बसू नकोस, एआयला फाइल दे, तो समजावेल. माझं मन म्हणतं, सगळं नव्याने लिहून टाकावं. मुदत एक महिन्याची. काय करू?”

अगं, नव्याने लिहू नकोस. निदान या महिन्यात तरी नाही.

शून्य वजा करणाऱ्या ओळीपासून सुरुवात करू, कारण पत्र वाचतानाच मी तिथे थांबले. तू तेव्हा शाळेत असशील. 2016 च्या जुलैमध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. व्यापाऱ्यांनी बंद पाळला, लिलाव थांबले, वर्तमानपत्रं त्यानेच भरलेली असायची. तुमचं सॉफ्टवेअर तेव्हा दोन वर्षांचं होतं. म्हणजे त्याआधी त्याच ओळीतून शेतकऱ्याची आडत खरोखर कापली जात होती, आणि मग एके दिवशी दर शून्य झाला. ओळ तशीच राहिली. ती आळसाने राहिली असेल, किंवा मुद्दाम ठेवली असेल. 2015 ची पट्टी कोणी पुन्हा छापून मागितली, भावाभावांच्या वाटणीसाठी किंवा बँकेसाठी, तर ती त्या वेळच्या दरानेच निघायला हवी ना? तू ती ओळ ‘निरुपयोगी’ म्हणून काढली असतीस तर आजच्या सगळ्या पट्ट्या बरोबर आल्या असत्या आणि जुन्या गुपचूप चुकल्या असत्या. तपासणाऱ्यालाही दिसलं नसतं, कारण तपासायला आपण आजचीच पट्टी घेतो.

हा माझा अंदाज आहे. खरं काय ते तुझ्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास जिथे साठतो तिथे, आहे. सरांच्या फॉरमॅटिंगचा थर खरवडलास की खाली 2016 चा जुलै-ऑगस्ट निघेल असं मला मनापासून वाटतं.

तू शेतकऱ्याच्या घरातली आहेस, म्हणून तुला हे चटकन पटेल. वडिलांचा सातबारा काढ. जमीन आज कोणाच्या नावावर, किती, ते त्यावर आहे. पण आजोबांच्या नावाच्या जागी काकांचं नाव का आलं, आत्याचं का नाही, हे सातबारा सांगत नाही. नावाशेजारी एक छोटा आकडा असतो, फेरफार क्रमांक. तो घेऊन गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत गेलीस की सापडतं: अमुक तारखेला, वारसाने की खरेदीखताने, कोणाच्या अर्जावरून. तुमची 2,200 ओळींची फाइल हा सातबारा आहे. गिट ब्लेम प्रत्येक ओळीशेजारी फेरफार क्रमांक दाखवतं. तू क्रमांकाशेजारचं नाव वाचलंस आणि तिथेच थांबलीस. नोंदवही उघडलीच नाहीस.

आणि ब्लेम नक्की काय दाखवतं ते नीट समजून घे, कारण मीटिंगमधली गडबड तिथेच झाली. ते ओळ कोणी लिहिली हे सांगत नाही. ओळीला शेवटचा हात कोणी लावला, एवढंच सांगतं. सरांनी एखाद्या दुपारी फॉर्मॅटर चालवला असणार, सगळ्या फाइलीतलं स्पेसिंग एकसारखं झालं, आणि दोन वर्षांपूर्वी, पाच वर्षांपूर्वी दुसऱ्यांनी लिहिलेल्या ओळी त्यांच्या नावावर चढल्या. तलाठ्याने गावाचे सातबारे स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून काढले म्हणून जमीन तलाठ्याची होत नाही.

हा थर काढायचे मार्ग आहेत. ब्लेमला डॅश डब्ल्यू दे, म्हणजे नुसत्या स्पेसचे बदल ते सोडून देतं. पण फॉर्मॅटरने एक ओळ तोडून तीन केल्या असतील तर एवढ्याने भागत नाही. तेव्हा ‘इग्नोर-रेव्ह्स-फाइल’ वापर. 2019 च्या गिट 2.23 पासून ही सोय आहे. एका साध्या फाइलमध्ये फॉरमॅटिंगच्या त्या कमिटचा, म्हणजे नोंदवलेल्या बदलाचा, पूर्ण हॅश (त्याचा ओळखक्रमांक) लिहायचा आणि ब्लेमला सांगायचं की हा बदल धरू नकोस. फाइलचं नाव प्रथेप्रमाणे डॉट गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्स ठेवलंस तर कोड ठेवायची वेबसाइट गिटहबसुद्धा ती ओळखते. ती रिपॉझिटरीत टाक आणि प्रत्येकाला आपापल्या मशीनवर गिटच्या कॉन्फिगमध्ये एकदा नोंदवायला सांग, म्हणजे पूर्ण टीमला फायदा. हे काम दहा मिनिटांचं आहे, आणि तुझ्या ऑफिसात ते आजवर कोणी केलेलं दिसत नाही.

एवढं झालं की ब्लेम बाजूला ठेव. माझा अनुभव असा की ब्लेम हे दार आहे, घर लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, आहे. शून्य आडतीची ओळ ज्या फंक्शनमध्ये आहे त्यावर गिट लॉग डॅश कॅपिटल एल चालव. सुरुवातीची आणि शेवटची ओळ, मग कोलन, मग फाइलचं नाव. तेवढ्याच भागाचा जन्मापासूनचा प्रवास एकाखाली एक येतो, प्रत्येक पायरीवर काय गेलं आणि काय आलं त्यासकट. 2,200 ओळी वाचायच्या नाहीत. तीस ओळींचं आयुष्य वाचायचं.

दुसरं हत्यार डॅश कॅपिटल एस. एखादा शब्द किंवा आकडा फाइलमध्ये पहिल्यांदा कधी आला, कधी गेला, हे ते शोधतं. तो शब्द जितक्या वेळा येतो ती संख्या ज्या कमिटमध्ये बदलली तेच कमिट दाखवतं. म्हणून ओळ नुसती वरखाली सरकली असेल तर ते गप्प राहतं, आणि इथे तेच आपल्याला हवं असतं. तुझ्या 99 गोण्यांसाठी हेच वापर, पण नुसतं 99 शोधू नकोस, ढीग येईल. अटीचा पूर्ण तुकडा दे, व्हेरिएबलच्या नावासकट. व्हेरिएबलचं नाव मध्ये बदललं असेल तर कॅपिटल जी वापर, ते बदललेल्या ओळींमध्ये पॅटर्न शोधतं. फाइलचंच नाव बदललं असेल तर ‘फॉलो’ लागेल, आणि त्यावरही आंधळा विश्वास नको. गिट नामांतराची नोंद ठेवतच नाही. दोन फाइली किती सारख्या आहेत ते पाहून अंदाज बांधतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कमिट सापडलं की फक्त आपली ओळ पाहून परत फिरू नकोस. गिट शो करून पूर्ण कमिट उघड. त्या दिवशी आणखी कोणत्या फाइली बदलल्या? पट्टीच्या कोडसोबत पावती छापायची फाइल बदलली असेल तर कारण छपाईत शोध. खरेदीदाराचं बिल बदललं असेल तर कारण हिशोबात आहे. मेसेज नुसता ‘चेंजेस’ असला तरी सोबतच्या फाइली बोलतात आणि तारीख तर बोलतेच. 2017 च्या 1 जुलैच्या आसपास झुंबड दिसली तर जीएसटी. 2016 च्या नोव्हेंबरनंतर रोख रकमेच्या ओळी हलल्या असतील तर नोटाबंदी, तेव्हा शेतकऱ्याला चेकने आणि बँकेतून पैसे देणं अचानक वाढलं. 2024 च्या एप्रिलमध्ये हमाली, तोलाई, वाराईच्या कपातीला हात लागला असेल तर आठवून बघ, लेव्हीच्या, म्हणजे हमाल-मापाऱ्यांच्या मंडळाकडे भरायच्या रकमेच्या, वादात आपल्या जिल्ह्यातले लिलाव तेव्हा बंद होते. तुझ्या घरी ते माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. आपल्या भागातल्या कोडचा इतिहास वाचायला आपल्या भागाचा इतिहास ठाऊक असावा लागतो, आणि तो तुला पुण्याला गेलेल्या दोघांइतकाच ठाऊक आहे.

सोबत बदलणाऱ्या फाइलींचं हे माझं एकटीचं वेड नाही. 1998 मध्ये व्हिएन्नाच्या हाराल्ड गाल आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या टेलिफोन स्विचिंग प्रणालीच्या एकामागून एक आवृत्त्या तपासल्या. कोडमध्ये एकमेकांना हाकही न मारणारे भाग पुन्हा पुन्हा एकत्र बदलत होते. अशा छुप्या नात्याला त्यांनी ‘लॉजिकल कपलिंग’ म्हटलं. 2004 मध्ये जर्मनीत थॉमस झिमरमान आणि सहकाऱ्यांनी त्यावरून एक अवजार बनवलं. ऑनलाइन दुकान सांगतं ना, हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं? तसंच ते सांगायचं की हे फंक्शन बदलणाऱ्यांनी ते फंक्शनही बदललं होतं, तुझं राहिलंय का बघ. तुला आज त्यासाठी वेगळं अवजार लागत नाही. पट्टीच्या फाइलवर गिट लॉग चालवताना ‘फुल-डिफ’ आणि ‘नेम-ओन्ली’ हे दोन्ही पर्याय एकत्र दे. प्रत्येक कमिटमध्ये सोबत बदललेल्या फाइलींची नावं येतील, ती मोजून घे. फुल-डिफ विसरलीस तर फक्त पट्टीचीच फाइल दिसत राहील आणि तुला वाटेल सोबत काहीच बदलत नव्हतं. फॉरमॅटिंगचं ते कमिट मात्र मोजणीतून वगळ, नाहीतर प्रत्येक फाइलचं प्रत्येकीशी नातं निघेल. जी फाइल पाचपैकी चार वेळा सोबत आली ती आधी उघडून ठेव. तुझा बदल तिथेही लागणार आहे, लिहून घे.

मला हे शहाणपण कोणत्या वर्गात मिळालं नाही. सबव्हर्जनच्या, म्हणजे गिटच्या आधीच्या अशाच प्रणालीच्या, काळातली गोष्ट आहे. मी ज्या कंपनीत होते तिचं सॉफ्टवेअर पिंपळगावच्या एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर चालायचं. पावतीच्या तीन प्रती, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, खर्र खर्र आवाज. कोडमध्ये तिसऱ्या प्रतीच्या आधी एक रिकामा लूप होता, काहीच न करणारा, नुसता वेळ घालवणारा. मी तो काढला. पावती वेगात यायला लागली, मला फार बरं वाटलं. द्राक्षांच्या हंगामात भर लिलावाच्या वेळी फोन आला. तिसरी प्रत अर्धवट छापली जात होती, खालच्या चार ओळी गायब, आणि त्या चार ओळींतच शेतकऱ्याला द्यायची निव्वळ रक्कम होती. ट्रॅक्टर रांगेत, माणसं काउंटरवर ओरडतायत. त्या प्रिंटरची मेमरी इवलीशी, ती रिकामी व्हायला लूपने वेळ मिळत होता. मी नंतर लॉग उघडला. मेसेज होता: ‘पिंपळगाव, तिसरी प्रत अर्धवट येते, प्रिंटर थांबवला’. सहा-सात शब्द. मी काढण्याआधी एक मिनिट वाचले असते तर ती सकाळ त्या लोकांची वाया गेली नसती. तो काउंटरवरचा माणूस मला काही बोलला नाही, हाताने राहिलेल्या रकमा लिहीत राहिला. ते हात मला अजून दिसतात, म्हणून तुला एवढ्या कळकळीने सांगते आहे.

मैत्रिणीने सांगितलेल्या एआयबद्दल. वापर, माझी हरकत नाही. पण नुसती फाइल दिलीस तर तो ओळी काय करतात ते सांगेल, तेही बऱ्यापैकी. ‘का’ विचारलंस की तो पटण्यासारखं कारण देईल, आणि ते कारण त्या फाइलमध्ये नव्हतंच. आडत का शून्य झाली हे त्याने कुठून वाचायचं? त्याला ओळींसोबत त्यांचा लॉगही दे, डिफसकट, म्हणजे प्रत्येक वेळी काय गेलं आणि काय आलं त्यासकट. मग सारांश काढायला तो कामाचा आहे. त्याने सांगितलेल्या प्रत्येक कारणाला कमिटचा हॅश माग आणि ते कमिट स्वतः उघडून बघ.

काही ठिकाणी इतिहास रुसेल, त्याचीही तयारी ठेव. कधी शोधत शोधत 2014 च्या पहिल्या कमिटवर पोचशील आणि तिथे पूर्ण फाइल एकदम आलेली असेल, कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून. त्याच्या मागे रस्ता नाही, तिथे माणसांनाच विचारावं लागतं. कधी दहा कमिट दाबून एक केलेलं असेल, तेव्हा पुल रिक्वेस्ट (बदल तपासायला पाठवल्याची नोंद) किंवा तिकीट (तक्रारीची नोंद) शोध. आणि गिटमध्ये दोन तारखा असतात, लिहिणाऱ्याची आणि कमिट करणाऱ्याची. रिबेस झालेलं असेल, म्हणजे जुनी कमिटं नव्या जागी पुन्हा लावली असतील, तर दुसरी फसवते.

आता सर.

ब्लेम हा शब्दच वाईट आहे, त्याने माणसं बिथरतात. सबव्हर्जनमध्ये याच कमांडला तीन नावं होती: ब्लेम, प्रेझ आणि ॲनोटेट. दोष द्या, कौतुक करा किंवा नुसती टीप वाचा, स्क्रीनवर तेच यायचं. तू चारचौघांत पहिल्या नावाने हाक मारलीस, आणि तीही चुकीच्या माणसाला. म्हणून आधी माफी माग, आणि तीही शक्यतो चारचौघांतच, कारण बोललीस तिथेच. “सर, मी चुकीचं वाचलं. ते कमिट फॉरमॅटिंगचं होतं, ओळी तुमच्या नव्हत्या.” एवढं पुरे. वर ‘पण’ लावू नकोस.

मग एक-दोन दिवसांनी त्यांच्याकडे जा, पण हात हलवत जाऊ नकोस. 2007 मध्ये अँड्र्यू को, रॉब डिलाइन आणि जीना व्हेनोलिया यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या डेव्हलपरांचं काम जवळून पाहिलं, त्यांना कोणती माहिती लागते आणि ती मिळते का ते टिपलं. ज्या प्रश्नांवर काम अडून राहायचं त्यात ‘हा कोड असा का लिहिला’ हा ठळक होता, आणि उत्तर बहुतेकदा अशा सहकाऱ्याकडे असायचं जो त्या वेळी हाताशी नाही. तुझे सर हाताशी आहेत. पुण्याचे दोघेही फोनवर आहेत. ही श्रीमंती आहे गं.

फक्त प्रश्न कसा विचारतेस ते बघ. “सर, ही अट का आहे?” यावर कोणीही “आठवत नाही” म्हणेल, आणि ते खरंच असेल. आठ वर्षांपूर्वीची अट कोणाला आठवते? त्याऐवजी कमिटची प्रिंट घेऊन जा. “सर, ही 99 गोण्यांची अट अमुक मार्चमध्ये आली, त्याच दिवशी पावतीची फाइलही बदलली, आणि आठवडाभराने त्यावर आणखी एक दुरुस्ती आहे. तेव्हा कोणत्या व्यापाऱ्याकडे काही झालं होतं का?” तारीख, सोबतची फाइल आणि ऋतू सांगितला की माणसाला तो दिवस आठवतो. कोड आठवत नाही, पण दिवस आठवतो, फोन कोणाचा आला होता ते आठवतं, आणि मग ते स्वतःच सांगत सुटतात. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की खात्रीने लिहिते. आणि आपलं जुनं काम कोणी इतक्या निगुतीने वाचलं हे पाहून माणूस मऊ होतो. तुमच्यातला अबोला बहुतेक तिथेच संपेल.

ते सांगतील ते ऐकून सोडून देऊ नकोस. त्याच दिवशी लिहून काढ.

नव्याने लिहिण्याचा तुझा विचार मी उडवून लावत नाही. 2,200 ओळींच्या एका फाइलमध्ये पूर्ण पट्टी कोंबलेली असणं चांगलं नाहीच. पण नव्याने लिहिताना तू दिसणारे नियम उतरवशील आणि न दिसणारे गाळशील, आणि ते गाळलेले नियम एकेका व्यापाऱ्याच्या फोनने परत येतील. म्हणून आधी हे कर. त्या फाइलच्या लॉगमधून दुरुस्तीची कमिटं वेगळी काढ. मेसेजमध्ये ‘फिक्स’, ‘इश्यू’, ‘चुकीचं’, गावाचं किंवा व्यापाऱ्याचं नाव, असं काहीही असलेली. प्रत्येक दुरुस्ती म्हणजे कधीतरी प्रत्यक्ष चुकलेली एक पट्टी. त्या पट्टीसारखी आकडेवारी घेऊन एक टेस्ट लिही: इतक्या गोण्या, इतका भाव, अमुक तारीख, इतकी निव्वळ रक्कम. कोड बदलण्याच्या आधीच ती जुन्या कोडवर चालवून बघ, पास व्हायला हवी. 2015 च्या तारखेची एक टेस्ट ठेवच. पंचवीस-तीस टेस्ट जमल्या की मग फाइल फोड, तुकडे कर, हवं तर काही भाग नव्याने लिही. टेस्ट लाल, म्हणजे नापास, झाली तर कोणता जुना फोन परत येतोय ते तुला कळेल.

फोडताना एक पथ्य पाळ, म्हणजे तुझ्यानंतर येणारीला सरांच्या फॉरमॅटिंगसारखा त्रास होणार नाही. ओळी एका फाइलमधून दुसरीत हलवायच्या असतील तर एका कमिटमध्ये फक्त हलव, एक अक्षरही बदलू नकोस. बदल पुढच्या कमिटमध्ये. मग ब्लेमला डॅश कॅपिटल सी दिलं की ते हललेल्या ओळी मूळ फाइलपर्यंत शोधत जाऊ शकतं. दोन्ही एकत्र केलंस तर धागा तुटतो.

आणि मध्येच काही मोडलं, कालपर्यंत बरोबर येणारी रक्कम आज चुकली, तर ओळी चाळत बसू नकोस. गिट बायसेक्ट चालव. चांगलं कमिट आणि वाईट कमिट सांग, ते मधोमध नेऊन उभं करतं. हजार कमिटं असली तरी साधारण दहा वेळा ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हटलं की दोषी कमिट हातात. तू लिहिलेल्या टेस्टच त्याला जोडल्यास तर तेही ते आपलं आपण करतं.

तुझे स्वतःचे कमिट मेसेज मराठीत लिहायला हरकत नाही, टीम मराठी असेल तर. देवनागरी गिटला चालते. काय बदललं ते डिफ दाखवतोच, त्यात शब्द खर्चू नकोस. कोणाच्या कोणत्या अडचणीसाठी बदललं, दुसरा कोणता उपाय करून पाहिला आणि का सोडला, ते लिही. लिनक्स कर्नलमध्ये दुरुस्ती पाठवताना ज्या जुन्या कमिटमुळे चूक आली त्याच्या हॅशची पहिली 12 अक्षरं ‘फिक्सेस’ म्हणून खाली लिहितात. ही सवय लाव. सरांनी आठवून सांगितलेलं कारणही अशाच मेसेजमध्ये घाल, त्यांच्या नावाने: अमुक सरांनी सांगितलं, तमुक हंगामात असं झालं होतं. पुढच्या वेळी कोणी ब्लेम चालवेल तेव्हा त्यांचं नाव फॉरमॅटिंगऐवजी तिथे दिसू दे.

वेळेचं म्हणशील तर महिन्यातले पहिले चार दिवस इतिहासाला दे. मॅनेजरला आधीच सांग, लपूनछपून करू नकोस. पहिल्या दिवशी इग्नोरची फाइल आणि सोबत बदलणाऱ्या फाइलींची मोजणी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फक्त तुला ज्या भागात बदल करायचा आहे त्याचा प्रवास. चौथ्या दिवशी सरांशी बोलणं. पूर्ण रिपॉझिटरी वाचायला बसलीस तर बुडशील, तो मोह टाळ.

आणि त्या 99 गोण्यांचं मला खरंच कुतूहल लागून राहिलंय. पावतीवर गोण्यांच्या रकान्यात दोनच आकडे मावत असतील का, की एका ट्रॉलीच्या हिशोबाशी त्याचा संबंध आहे, मी दोन दिवस विचार करते आहे. ज्या कमिटमध्ये ती अट आली त्यात छपाईची फाइल आहे का ते आधी बघ, आणि सापडलं की कळव.